कर्नल एक, कंपायलर दोन

दांडिया बाजार, बडोदे
१७ ऑगस्ट २०२५

प्रिय मिलिंद,

सप्रेम नमस्कार.

तुझं पत्र आणि सोबतची एररची पानं वाचली. तुझा छोटा कर्नल (ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा) जीसीसी या कंपायलरवर, म्हणजे सी कोडचं मशीन कोड करणाऱ्या प्रोग्रामवर, बिनतक्रार बिल्ड होतो. मुलांच्या लॅपटॉपवर क्लँग हा दुसरा कंपायलर लावला की कुठे असेंब्लर (असेंब्लीचं मशीन कोड करणारा) अडतो, कुठे लिंकर (तुकडे जोडणारा), आणि जिथे दोघंही सोडतात तिथे क्यूईएमयू हा नकली संगणक सुरू होताहोताच रीसेट होतो. म्हणून कॉलेजच्या लॅबमध्ये क्लँगला बंदी करावी का, असं तू विचारतोस. करू नकोस. जीसीसीच्या काही सवयी तुझ्या कोडने न बोलता गृहीत धरल्या आहेत आणि दुसरा कंपायलर आला की त्या उघड्या पडतात. त्या एकेक करून शोधायच्या आणि कोडमध्ये किंवा मेकफाइलमध्ये (बिल्डच्या सूचनांच्या फाइलमध्ये) लिहून टाकायच्या. लिनक्सही याच वाटेने गेला. २०१७ साली पिक्सेल २ फोन क्लँगने बिल्ड केलेला कर्नल घेऊन आला आणि आज लिनक्सच्या सोर्समध्ये ‘मेक एलएलव्हीएम=१’ म्हटलं की कंपायलर, असेंब्लर, लिंकर सगळं एलएलव्हीएमचं, म्हणजे क्लँगच्याच प्रकल्पाचं, वापरलं जातं.

आधी रीसेटचं बघू, कारण तिथे पडद्यावर काहीच येत नाही. क्यूईएमयूला ‘-डी इंट’ आणि ‘-नो-रीबूट’ हे दोन पर्याय दे. प्रत्येक एक्सेप्शनची (प्रोसेसरने नोंदवलेल्या अडचणीची) ओळ छापली जाईल. त्यातला ‘व्ही=’ नंतरचा आकडा बघ: ०६ म्हणजे प्रोसेसरला न चालणारी इन्स्ट्रक्शन, ०डी म्हणजे जनरल प्रोटेक्शन, ०ई म्हणजे पेज फॉल्ट. शेवटचा डबल फॉल्ट, म्हणजे आधीचा फॉल्ट हाताळतानाच झालेला दुसरा, हा परिणाम असतो. त्याच्या आधीची, पहिली ओळ कामाची.

०६ असेल तर माझा संशय एसएसईवर, म्हणजे एकदम अनेक आकडे हाताळणाऱ्या इन्स्ट्रक्शनवर, आहे. एखादं स्ट्रक्चर कॉपी करायचं किंवा शून्य करायचं असलं की क्लँग ओ२ ला (ऑप्टिमायझेशनची दुसरी पातळी) सरळ एसएसईची एक्सएमएम रजिस्टर वापरतो. तू सीआर४ या नियंत्रण रजिस्टरमधला नववा बिट (शून्यापासून मोजून) चालू केलेला नसलास तर ती इन्स्ट्रक्शन तिथेच फुटते, आणि इंटरप्ट टेबल अजून बसलेलं नसल्यामुळे थेट ट्रिपल फॉल्ट, म्हणजेच रीसेट. तुझा जुना जीसीसी ओ२ ला व्हेक्टरायझेशन (साध्या कोडचं अशा इन्स्ट्रक्शनमध्ये रूपांतर) करत नव्हता, म्हणून बराचसा निभाव लागला. जीसीसी १२ पासून तोही करतो. तेव्हा दोघांनाही ‘-एमनो-एसएसई’ आणि ‘-एमनो-एमएमएक्स’ दे. मग ऑब्जडंप या साधनाने मशीन कोड डिसअसेंबल करून (परत असेंब्लीत आणून) ‘एक्सएमएम’ शोध. एकही ओळ सापडता कामा नये. सोबत ‘-एमनो-रेड-झोन’ आहे ना, ते तपास. ६४-बिट एबीआय (फंक्शननी पाळायचे नियम) स्टॅक पॉइंटरच्या खालचे १२८ बाइट, म्हणजेच रेड झोन, फंक्शनला वापरू देतो. कर्नलमध्ये इंटरप्ट त्याच स्टॅकवर आला तर ते बाइट पुसले जातात. हा दोष कधी दिसतो, कधी नाही, म्हणून फार छळतो.

जीडीटी (सेगमेंटचं टेबल) किंवा आयडीटी (इंटरप्टचं टेबल) लोड केल्यावर लगेच ०डी येत असेल तर तुझी इनलाइन असेंब्ली (सी कोडमध्येच लिहिलेली) उघड. पानांवरून दिसतंय की तू लोकल स्ट्रक्चर भरून त्याचा पत्ता ‘आर’ कन्स्ट्रेंटने (हवी ती जागा सांगणारं अक्षर, इथे रजिस्टर) जीडीटी लोड करणाऱ्या एलजीडीटीला देतोस आणि क्लॉबरमध्ये (काय बदलतं त्या यादीत) ‘मेमरी’ लिहीत नाहीस. यात कंपायलरला एवढंच सांगितलं जातं की एका रजिस्टरमध्ये एक आकडा हवा. त्या पत्त्यावरची मेमरी वाचली जाणार आहे हे त्याला कुठून कळणार? त्याच्या लेखी स्ट्रक्चर भरणं हे वाया गेलेलं काम आहे आणि ते तो काढून टाकतो. क्लँगने काढलं, उद्या नवा जीसीसीही काढेल. स्ट्रक्चरच ‘एम’ (मेमरी) कन्स्ट्रेंटने दे, म्हणजे प्रश्न मिटला. तुझ्या सगळ्या इनलाइन असेंब्लीकडे याच नजरेने बघ: काय वाचलं जातं, काय लिहिलं जातं, कोणतं रजिस्टर बिघडतं. तीनही गोष्टी कागदावर यायला हव्यात. ‘आरएम’ (रजिस्टर किंवा मेमरी) कन्स्ट्रेंट दिलास तर क्लँग बहुधा मेमरी निवडतो. चुकीचं नाही, पण जिथे वेग हवा तिथे नुसतं ‘आर’ बरं.

असेंब्लरच्या एरर त्यामानाने सोप्या आहेत. क्लँग स्वतःचाच असेंब्लर वापरतो आणि तो अंदाज बांधत नाही. ‘बीटी’ या बिट तपासणाऱ्या इन्स्ट्रक्शनला एक स्थिर आकडा आणि मेमरीचा पत्ता दिला तर ३२ बिट की ६४, हे ठरत नाही. ग्नूचा असेंब्लर गुपचूप ३२ धरायचा, क्लँग सफिक्स (आकार सांगणारं शेवटचं अक्षर) मागतो. ‘बीटीएल’ किंवा ‘बीटीक्यू’ असं पूर्ण लिही, दोघांनाही चालतं. घोटाळा नक्की असेंब्लरचा की कंपायलरचा हे ठरवायला ‘-एफनो-इंटिग्रेटेड-एएस’ देऊन एकदा ग्नूच्या असेंब्लरकडे पाठव. तपासापुरतंच, मेकफाइलमध्ये ठेवू नकोस.

आता मेमसेट, म्हणजे मेमरीचा तुकडा एकाच किमतीने भरणारं फंक्शन. यावर जरा थांबतो, कारण इथे जीसीसीसुद्धा तुला एक दिवस गाठणार आहे. ‘-एफफ्रीस्टँडिंग’ (खाली ऑपरेटिंग सिस्टिम नाही असं सांगणारा फ्लॅग) दिलं की लायब्ररी लागत नाही, असा समज सगळीकडे आहे. प्रत्यक्षात जीसीसी तेव्हाही मेमकॉपी, मेममूव्ह, मेमसेट आणि मेमकॉम्प ही चार फंक्शन तू पुरवशील असं धरून चालतो, क्लँगचंही तसंच. मोठं स्ट्रक्चर कॉपी करताना कंपायलर स्वतःहून त्यांना हाक मारतो. म्हणून तू मेमसेट साध्या लूपने लिहिलंस. जीसीसी तो लूप ओळखून, ‘हे तर मेमसेट’ म्हणून त्या जागी मेमसेटची हाक घालू शकतो, आणि मग फंक्शन स्वतःलाच हाका मारत स्टॅक संपवतं. हे ‘-एफफ्रीस्टँडिंग’ने थांबत नाही. त्यासाठी ‘-एफनो-ट्री-लूप-डिस्ट्रिब्यूट-पॅटर्न्स’ लागतो. क्लँगला ‘-एफनो-बिल्टिन’ पुरतो, आणि तो फ्रीस्टँडिंगमध्ये आलेलाच असतो. ही चारही फंक्शन वेगळ्या फाइलमध्ये ठेव आणि जीसीसीचा तो पर्याय फक्त त्या फाइलला दे, सगळ्या कर्नलला नको.

लिंकरने ‘बीकॉम्प सापडत नाही’ म्हटलंय, त्याचं मूळही शेजारीच आहे. तुझ्या मेकफाइलमध्ये ‘-एफफ्रीस्टँडिंग’ एका फोल्डरलाच लागलाय, दुसऱ्याला नाही. तो नसेल तर ‘मेमकॉम्पचं उत्तर शून्य आहे का’ एवढंच विचारणारा कोड क्लँग बीकॉम्पमध्ये बदलतो, आणि ‘%एस’वाल्या एसप्रिंटएफचं एसटीपीकॉपी करतो. लिनक्समध्ये ६४-बिट एक्स८६साठी हा फ्लॅग नसतो, म्हणून २०१९ मध्ये बीकॉम्प आणि २०२० मध्ये एसटीपीकॉपी ही फंक्शन कर्नलमध्येच घालावी लागली. तू फ्लॅग सगळीकडे लाव. लिंक करण्याआधी प्रत्येक ऑब्जेक्ट फाइलवर ‘एनएम -यू’ चालवून काय काय बाहेरून मागितलं जातंय ते वाचायची सवय मुलांना लाव. ३२-बिट बिल्डमध्ये ‘यूडिव्हडीआय३’ दिसलं तर कुणीतरी ६४-बिट भागाकार केलाय. त्याला स्वतःचं भागाकाराचं फंक्शन दे.

मॅकवाल्या मुलांची गोष्ट निराळी. तिथे ‘जीसीसी’ टाइप केलं तरी ॲपलचा क्लँगच चालतो, आणि तो एल्फऐवजी (लिनक्सकडच्या फाइल प्रकाराऐवजी) मॅकची माक-ओ फाइल बनवतो. त्यांना ‘--टार्गेट=एक्स८६_६४-एल्फ’ लागेल, सी फाइलला आणि असेंब्ली फाइललाही, आणि एलएलडी लिंकर वेगळा बसवावा लागेल. क्लँगचं सुख हे की एकाच बायनरीत सगळे टार्गेट असतात. जीसीसीला प्रत्येक टार्गेटसाठी वेगळा बिल्ड हवा.

कंपायलर ओळखण्यासाठी तू जीसीसीचा व्हर्जन मॅक्रो तपासतोस, तिथे फसगत आहे. क्लँगही तो मॅक्रो देतो आणि जुन्या सुसंगतीसाठी स्वतःला ४.२.१ म्हणवतो. तुझ्या ‘५ पेक्षा जुना असेल तर’ या शाखेत म्हणूनच तो शिरला. क्लँगचा मॅक्रो आधी बघ. शक्य तिथे व्हर्जन न विचारता ‘हॅज ॲट्रिब्यूट’, ‘हॅज बिल्टिन’ने थेट सोय आहे का ते विचार. पहिलं जीसीसी ५ पासून, दुसरं १० पासून मिळतं.

फ्लॅग चालतो का हे मेकफाइलमधून तपासतानाही दोघांच्या तऱ्हा वेगळ्या. अनोळखी ‘-डब्ल्यू’ फ्लॅगला क्लँग नुसती वॉर्निंग देतो आणि यशस्वी म्हणून बाहेर पडतो, तेव्हा चाचणीत ‘-डब्ल्यूएरर’ हवाच. जीसीसी उलट अनोळखी ‘-डब्ल्यूनो’ फ्लॅग शांतपणे गिळतो. म्हणून त्याला ‘नो’ काढून विचारायचं आणि मग ‘नो’ लावायचं. स्टॅक अलाइनमेंटचा आकडाही नीट बघ: जीसीसीच्या ‘-एमप्रिफर्ड-स्टॅक-बाउंडरी’ला ३ म्हणजे दोनाचा तिसरा घात, आठ बाइट, क्लँगच्या ‘-एमस्टॅक-अलाइनमेंट’ला सरळ ८ लिहायचं.

फंक्शनच्या पोटातलं फंक्शन आणि स्ट्रक्चरमधला बदलत्या लांबीचा ॲरे क्लँगमध्ये नाहीत. आशा न धरता ते कोड बदल. हेडरमध्ये ‘एक्स्टर्न’शिवाय लिहिलेलं ग्लोबल व्हेरिएबल जीसीसी १० आणि क्लँग ११ पासून लिंक होताना दुहेरी ठरतं, तेही आवर. आणि ‘-एसटीडी=ग्नू११’ प्रत्येक फाइलला जातो ना, बूटच्या फाइलसकट, ते बघ. जीसीसी १५ न सांगता सी२३ धरतो आणि त्यात ‘बूल’, ‘ट्रू’, ‘फॉल्स’ हे कीवर्ड आहेत. तुझं स्वतःचं टाइपडेफ तिथे मोडेल.

ओ० वर तपासू नकोस. तिथे बरेच दोष झाकलेले राहतात. दोन्ही कंपायलर ओ२ वर, दोन वेगळ्या बिल्ड फोल्डरमध्ये, आणि मुलांनी दिलेला प्रत्येक बदल दोन्हीकडे. आधी इनलाइन असेंब्ली, मग मेमसेटची फाइल, मग फ्लॅग, या क्रमाने घे. तरीही रीसेट राहिला तर ‘-डी इंट’ची पहिली वीसेक ओळींची नोंद आणि आरआयपीच्या (चालू इन्स्ट्रक्शनच्या) पत्त्याभोवतीचं डिसअसेंब्ली पाठव. गणपतीला इंदूरला येतोय, तेव्हा लॅबमध्ये बसून उरलेलं बघू.

काकूंना सादर नमस्कार, वहिनींना नमस्कार.

तुझा,
सुहास