रविवारी मृत्युपत्राची माहिती, सगळ्यांनी या

नमस्कार मंडळी, येत्या रविवारी सकाळी १० वाजता सोसायटीच्या हॉलमध्ये वकीलताई येणारेत, मृत्युपत्र कसं करायचं आणि माणूस गेल्यावर फ्लॅट, एफडी, गावची जमीन नावावर करताना काय काय लागतं ते सांगतील, फी नाही.

आपल्यात बरेच जण म्हणतात नॉमिनी लावलाय ना, झालं की. नाही हो! नॉमिनी म्हणजे मालक नाही. सोसायटी त्याला प्रोव्हिजनल म्हणजे तात्पुरता मेंबर करते, पण मालकी वारसांची किंवा मृत्युपत्रात ज्याचं नाव त्याची.

मृत्युपत्राला स्टॅम्प पेपर लागत नाही, साध्या कागदावर हाताने लिहिलेलं पण चालतं, रजिस्टर करणं सक्तीचं नाही (तरी करून घ्या असं मी म्हणेन). दोन साक्षीदार मात्र हवेतच, तुम्ही सही करताना त्यांनी बघायला हवं आणि तुमच्यासमोर त्यांनी सही करायला हवी. ज्याला काही मिळणारे त्याला साक्षीदार करू नका.

आमच्या मामांनी वहीच्या कागदावर सुंदर अक्षरात सगळं लिहिलं होतं, मामीचे दागिने कुणाला ते सुद्धा, पण खाली सही एकाच साक्षीदाराची, दुसरी ओळ कोरीच. तो कागद काही उपयोगाचा झाला नाही आणि मामीला सातबाऱ्यावर वारस नोंदीसाठी दोन वर्षं तलाठ्याकडे खेपा घालाव्या लागल्या.

येताना सोसायटीचं शेअर सर्टिफिकेट, इंडेक्स टू (फ्लॅटच्या खरेदी नोंदणीचा उतारा) आणि सातबाऱ्याची झेरॉक्स आणा, ओरिजिनल घरीच ठेवा. ज्यांना जिना चढायला त्रास होतो त्यांनी शनिवारपर्यंत ग्रुपवर कळवा, ताई घरी येऊन बोलतील.