'यात्रा'ची गाणी एका वाक्यात उडवू नका

मा. संपादकसाहेब,
सप्रेम नमस्कार.

तुमच्या रविवार पुरवणीत राजकीय बायोपिकवर लेख आला होता तो आमच्या घरी सगळ्यांनी वाचला, मराठी पेपरात तेलुगू पिक्चरला एवढी जागा मिळाली याचा आनंदच झाला, पण 'यात्रा'बद्दल लिहिताना गाण्यांच्या वाट्याला एकच वाक्य आलं, की गाणी प्रचारगीतांच्या थाटाची आहेत, आणि विषय संपला. ते वाक्य मला अजिबात पटलं नाही म्हणून हे पत्र. मी सोलापूरच्या पूर्व भागात वाढलो, घरात मराठी आणि गल्लीत तेलुगू, त्यामुळे ही गाणी मला सबटायटल न वाचता कळतात, आणि मला वाटतं ती नीट ऐकली तर त्यातली निम्मीसुद्धा प्रचाराची नाहीत.

ज्यांनी पिक्चर बघितला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. वाय. एस. राजशेखर रेड्डी यांनी 9 एप्रिल 2003 ला हैदराबादजवळच्या चेवेल्लाहून पदयात्रा काढली आणि भर उन्हाळ्यात जवळजवळ दीड हजार किलोमीटर चालत ते पार श्रीकाकुलममधल्या इच्छापुरमला पोचले, पुढच्या वर्षी काँग्रेस निवडून आली आणि ते आंध्र प्रदेशचे मुख्यमंत्री झाले. दिग्दर्शक मही व्ही. राघव यांच्या 'यात्रा'त एवढीच गोष्ट आहे, मामुट्टी मुख्य भूमिकेत, तेलुगू संवाद त्यांनी स्वतःच्याच आवाजात म्हटलेत. पिक्चर 8 फेब्रुवारी 2019 ला आला म्हणजे लोकसभा-विधानसभेच्या तोंडावर, हे खरंच आहे, आणि त्यातलं "मी ऐकलंय, मी आहे" या अर्थाचं वाक्य नंतर राजशेखर रेड्डींचे चिरंजीव जगन यांच्या सभांमधून घुमलं हेही खरं आहे. म्हणून सगळी गाणी प्रचाराची ठरतात का, हा माझा प्रश्न आहे.

म्युझिक दिलंय 'के' या नावाने काम करणाऱ्या कृष्णकुमार या तमिळ संगीतकाराने, आणि बहुतेक गाणी लिहिलीत सिरिवेन्नेल सीताराम शास्त्री यांनी. शास्त्रीगारूंना (गारू म्हणजे आपलं 'राव') पिक्चर यायच्या दोनच आठवडे आधी पद्मश्री जाहीर झाली होती. 1986 च्या ज्या 'सिरिवेन्नेला' पिक्चरमुळे त्यांना हे नाव पडलं तो के. विश्वनाथ यांचा, आणि विश्वनाथ यांनीच 1992 मध्ये 'स्वाती किरणम'मध्ये मामुट्टींना एका मोठ्या गायकाच्या रोलमध्ये उभं केलं होतं. तिथे गाणारा हाच माणूस 'यात्रा'त मात्र बहुतेक वेळ नुसता चालतो आणि ऐकतो आणि गाणी मागून वाजतात. मला हा निर्णय फार मोठा वाटतो. तेलुगू पिक्चरमध्ये हिरोची एंट्री म्हटली की हिरो नाचलाच पाहिजे, मागे शंभर माणसं पाहिजेत, इथे हिरो गात नाही, त्याच्याभोवतीचे लोक आणि रस्ता गातो.

आता एकेक गाणं घ्या. 'समरशंखम' कालभैरवने गायलंय, ते चढं आहे, रक्त उसळवणारं आहे, त्याला कोणी प्रचाराचं म्हणालं तर मी भांडणार नाही. वंदेमातरम श्रीनिवास यांच्या आवाजातलं राजन्नाला, म्हणजे लोकांच्या लाडक्या राजशेखर रेड्डींना, कोण अडवणार म्हणणारं गाणंही त्याच बाजूचं, पण तो आवाज कुठून आला हे तुमच्या लेखकाने सांगायला हवं होतं. हा माणूस चळवळीच्या, लाल झेंड्याच्या गाण्यांमधून लोकांना माहीत झाला, 1997 च्या 'ओसे रामुलम्मा'चं म्युझिक त्यांचंच, गावच्या दोराविरुद्ध, म्हणजे जमीनदाराविरुद्ध, उठणाऱ्या बाईची गोष्ट, ती गाणी आमच्याकडे लग्नाच्या मांडवात सुद्धा वाजायची. असा आवाज काँग्रेसच्या मुख्यमंत्र्यावरच्या पिक्चरमध्ये घेतला की ऐकणाऱ्याच्या मनात जुनं सगळं जागं होतं, गाणं नवीन असलं तरी आवाज ओळखीचा असतो, आणि के यांनी तो विचार करूनच घेतला असणार असं मला वाटतं.

पण माझं खरं म्हणणं एस. पी. बालसुब्रह्मण्यम यांच्या 'पल्लेल्लो कळ उंदी' या गाण्याबद्दल आहे. यात नेत्याची आरती नाही. पीक जगलं तरच गाव जगतं, शेतकऱ्याचं तोंड उतरलं की गावाचं तोंड उतरतं, असा गाण्याचा सगळा रोख आहे. बालूंचं वय तेव्हा सत्तरीच्या पुढे होतं, आवाज थोडा जड झालेला, आणि त्या जडपणाचाच उपयोग झालाय, कारण हे तरुण गळ्याचं गाणंच नाही, दुष्काळ बघून बघून दमलेल्या माणसाचं आहे. त्यांनी कुठे तान घेतली नाही, हरकत दाखवली नाही, शब्द पुढे ठेवून आपण मागे उभे राहिले. मी हे गाणं कितीदा ऐकलंय सांगता येणार नाही आणि दर वेळी मला राजशेखर रेड्डी आठवत नाहीत, अनंतपूरकडची वाळलेली भुईमुगाची रानं आठवतात, आणि आमच्या सांगोला-मंगळवेढ्याकडचीही. मतं मागणारं गाणं असं असतं का हो?

आणखी एक गोष्ट. याच बालूंनी सत्तर-ऐंशीच्या दशकात एन. टी. रामाराव यांच्यासाठी कितीतरी गाणी म्हटली, म्हणजे ज्या एनटीआरनी 1982 मध्ये तेलुगू देसम काढून नऊ महिन्यांत काँग्रेसला घरी बसवलं त्यांचा पडद्यावरचा गळा, आणि तोच गळा पुढे काँग्रेसच्या राजन्नाच्या पिक्चरमध्ये शेतकऱ्यासाठी रडतो. त्याच सीझनला एनटीआर यांच्यावर 'कथानायकुडु' आणि 'महानायकुडु' असे दोन भाग आले, 9 जानेवारी आणि 22 फेब्रुवारी 2019 ला, म्युझिक एम. एम. कीरवाणी यांचं, आणि 'समरशंखम' गाणारा कालभैरव हा कीरवाणींचा मुलगा! बाप एका पक्षाच्या दैवताला स्वर देतोय, मुलगा दुसऱ्या पक्षाच्या, आणि त्यात कोणाला काही वावगं वाटलं नाही. आपल्याकडे एवढ्यावर किती चर्चा रंगली असती.

कीरवाणींचं काम मोठं आहे यात वाद नाही, कैलाश खेर यांनी गायलेलं टायटल साँग भव्य आहे, संस्कृतप्रचुर आहे, मंदिरात उभं राहिल्यासारखं वाटतं. पण त्या गाण्यांत एनटीआर देव होऊन बसतात आणि ऐकणारा खाली हात जोडून. सिनेमाच्या देवावरचा पिक्चर म्हणून ते चालून जातं, पण राजकारणातल्या माणसावर गाणं करायचं तर मला 'यात्रा'ची वाट जास्त खरी वाटते.

आणि प्रचाराचंच म्हणाल तर आकडे बघा. एनटीआर यांच्यावर एवढं मोठं म्युझिक होऊन 2019 ला आंध्र विधानसभेत तेलुगू देसमच्या 175 पैकी 23 जागा आल्या आणि जगन यांच्या वायएसआर काँग्रेसच्या 151. तेव्हा म्हणाल 'यात्रा'चा परिणाम. मग फेब्रुवारी 2024 मध्ये जगन यांच्यावरचा 'यात्रा 2' आला, संतोष नारायणन यांच्यासारखा तगडा संगीतकार, आणि जूनमध्ये त्यांच्या पक्षाच्या जागा किती, 11. गाण्यावर मतं पडत असती तर पक्षांनी दुसरं काही केलंच नसतं.

तेलुगू भागात राजकारण आणि गाणं हे बायोपिकच्या कितीतरी आधीपासून एकत्र आहेत. निजामाविरुद्धच्या तेलंगण लढ्यात बुर्रकथेवाले, म्हणजे गाऊन गोष्ट सांगणारे लोककलाकार, गावोगाव फिरायचे, नाझर यांच्यासारखे कलाकार प्रजा नाट्य मंडळीतून तयार झाले, ती मंडळी म्हणजे इप्टाची, डाव्या विचारांच्या जननाट्य संघाचीच, आंध्रातली शाखा, आणि आपले शाहीर अमर शेख, आमच्याच जिल्ह्यातल्या बार्शीचे, तेही इप्टाच्याच मुशीतले. पुढे 'मा भूमी' पिक्चरमध्ये लोकशाहीर गद्दर यांनी घोंगडं पांघरून निजामाला आव्हान देणारं बंडी यादगिरींचं गाणं म्हटलं, ते तर आजही सभेत निघतं. मराठवाड्यातल्या तुमच्या वाचकांच्या आजोबांनी तोच निजाम पाहिलाय. एवढी मोठी परंपरा मागे असताना गाण्यात राजकारण आलं म्हणून ते कमी दर्जाचं, हे माप मला चुकीचं वाटतं.

शेवटी पेंचल दास यांच्या 'मरुगैनावा राजन्ना'बद्दल लिहिल्याशिवाय राहवत नाही. 2 सप्टेंबर 2009 ला राजशेखर रेड्डींचं हेलिकॉप्टर नल्लमलाच्या जंगलात बेपत्ता झालं, दुसऱ्या दिवशी सापडलं, ते त्यात गेले होते, तोवर अख्खं राज्य टीव्हीसमोर बसून होतं. पिक्चरच्या शेवटी खरी दृश्यं येतात आणि त्यावर हा आवाज. पेंचल दास यांचा आवाज स्टुडिओत घासलेला नाही, रायलसीमेच्या बोलीतला आहे, कोणी गेल्यावर गावातली माणसं जशी गेलेल्याला नावाने हाक मारून विचारतात की असा कसा गेलास, तसंच ते गाणं आहे. 'कृष्णार्जुन युद्धम'मधलं त्यांचं गाणं आमच्याकडे पोरं नाचत ऐकायची, इथे त्याच आवाजाने थेटरात बायका पदराने डोळे पुसत होत्या. माझी तक्रार एकच, खरी दृश्यं इतकी भरभरून दाखवायला नको होती, गाणं एकटं पुरेसं होतं, दृश्यांमुळे बघणारा बातम्या आठवत बसतो आणि शब्द निसटतात. एकूण बॅकग्राउंड म्युझिकही बऱ्याच ठिकाणी कानठळ्या बसवणारं आहे, भाषणाच्या सीनमध्ये मामुट्टींचा आवाज बास होता.

तर संपादकसाहेब, विनंती एवढीच. पुढच्या वेळी अशा पिक्चरवर लेख छापाल तेव्हा गीतकार आणि गायकांची नावं तरी द्या, शास्त्रीगारू 2021 ला गेले आणि बालू 2020 ला, दोघांचंही नाव तुमच्या अख्ख्या लेखात नव्हतं. सोलापुरात, नांदेडच्या देगलूर-बिलोलीत, भिवंडीत तेलुगू समजणारे तुमचे हजारो वाचक आहेत, त्यांच्यापैकी कोणालाही विचारलंत तरी गाण्यांचा अर्थ आनंदाने सांगतील. मीही सांगेन, कधीही बोलवा.

आपला एक जुना वाचक,
पूर्व भाग, सोलापूर