एस आणि सी

प्रिय बंड्या,

सप्रेम नमस्कार.

परवा फोनवर तू विचारलंस, "त्या रोमन नाण्याच्या फोटोत देवाच्या दोन्ही बाजूंना एस आणि सी कशाला? टांकसाळवाल्याची आद्याक्षरं का?" मी "लिहून कळवतो" म्हणून विषय टाळला. सांगायला बसलो असतो तर वहिनींनी तुझ्या हातातून फोनच काढून घेतला असता.

नाणं आत्ता टेबलावर आहे. तांब्याचा 'आस' (रोमनांचं हलक्या किमतीचं नाणं), साधारण ११ ग्रॅमचा, हिरवट काळा पडलेला. एका बाजूला अग्रिप्पा, म्हणजे ऑगस्टसचा सेनापती, डोक्यावर जहाजांच्या नाळींचा मुकुट. दुसरीकडे समुद्रदेव नेपच्यून, एका हातात डॉल्फिन, दुसऱ्यात त्रिशूळ. देवाचे नाकडोळे केव्हाच झिजलेत, पण ती दोन अक्षरं भिंगाशिवाय वाचता येतात. विकणाऱ्याने पहिला सम्राट ऑगस्टस याच्या काळातलं म्हणून गळ्यात मारलं. प्रत्यक्षात हे नंतरच्या कॅलिग्युला या सम्राटाने आपल्या आईच्या वडिलांच्या नावाने पाडलेलं. असो, मला नेपच्यून हवा होता.

एस सी म्हणजे लॅटिन 'सेनातुस कोन्सुल्तो', सिनेटच्या, म्हणजे रोमच्या वडीलधाऱ्यांच्या सभेच्या, ठरावावरून. सम्राट येण्याआधी, प्रजासत्ताकाच्या काळात याला खरंच वजन होतं. इ.स.पू. १०० च्या सुमाराला पिसो आणि कैपिओ या दोघा क्वेस्टरांनी (खजिन्याच्या अधिकाऱ्यांनी) चांदीचे दिनार पाडले. त्यावर दोघं बाकावर शेजारी शेजारी बसलेत, आजूबाजूला कणसं, आणि खाली स्पष्ट लिहिलंय की हा पैसा धान्यखरेदीसाठी, सिनेटच्या ठरावाने. नेहमीच्या नाण्यांवर असलं काही लिहीत नसत. जादाचा खर्च, म्हणून जादाची मंजुरी.

गंमत पुढे आहे. ऑगस्टसने इ.स.पू. २३ च्या आसपास पितळ-तांब्याची नवी नाणी सुरू केली आणि त्यांवर एस सी ठळक आली. सोन्या-चांदीवर मात्र सहसा नाही. मॉमझेन या जर्मन इतिहासकाराने यातून सरळ वाटणी काढली: सोनं-चांदी सम्राटाची, तांबं-पितळ सिनेटचं. आपल्याकडे एक रुपयाच्या नोटेवर अर्थसचिवाची सही आणि बाकीच्या नोटांवर गव्हर्नरची, तसंच काहीसं. ऐकायला छान वाटतं. मला पटत नाही.

कारण सम्राट नीरो. सत्तेवर आल्यापासून जवळपास दहा वर्षं, इ.स. ५४ ते ६४, त्याच्या सोन्या-चांदीवरही 'एक्स एस सी' आहे, अर्थ तोच, सिनेटच्या ठरावावरून. वाटणी इतकी पक्की असती तर ही अक्षरं तिथे कशी घुसली? दुसरं म्हणजे सीरियातलं अँटिओक. तिथल्या ब्राँझवर पानांच्या चक्रात मधोमध भलीमोठी एस सी. ओथो इ.स. ६९ मध्ये जेमतेम तीन महिने सम्राट होता. रोमच्या टांकसाळीतून त्याचं एकही ब्राँझ नाणं निघालं नाही, पण अँटिओकची एस सीवाली आहेत. तिकडे कुठे रोमची सिनेट बसली होती?

क्राफ्ट नावाच्या अभ्यासकाने वेगळंच सुचवलं: एस सी नाण्याबद्दल नसून त्यावरच्या चित्राबद्दल आहे. इ.स.पू. २७ मध्ये सिनेटने ऑगस्टसला ओकच्या पानांचा मुकुट आणि दाराशी लावायला लॉरेल दिलं, आणि ती सुरुवातीच्या नाण्यांवर दिसतात. म्हणजे "हा मान आम्ही दिला" अशी पोचपावती. पण मग माझ्या नेपच्यूनपाशी एस सी कशाला? माझं मत विचारशील तर तोवर हे सवयीचं झालं होतं, आपण पत्राच्या डोक्यावर 'श्री' लिहितो तसं. सिनेटच्या हातात फारसं काही उरलं नव्हतं, तरी अक्षरं तिसऱ्या शतकाच्या मध्यापर्यंत ब्राँझवर येतच राहिली. सुंभ जळला, पीळ राहिला.

दिवाळीला कोल्हापूरला येतोय, नाणं घेऊन. टाउन हॉल म्युझियममध्ये ब्रह्मपुरीला सापडलेला तो छोटासा ब्राँझचा समुद्रदेव आहे ना, त्याच्यासमोर हे एकदा धरून बघायचंय. तू सुट्टी काढून ठेव. आणि तांबडा-पांढरा कुठे खायचा तेही आधीच ठरव, मागच्यासारखी रस्त्यात चर्चा नको.

वहिनींना नमस्कार.

तुझा,
अण्णा