कपाट रिकामं करण्याआधी

प्रिय मंजिरी,

सप्रेम नमस्कार.

तुझं पत्र परवा मिळालं. घरातले सगळे 'फास्ट फॅशन'चे, म्हणजे झटपट बनणारे, स्वस्तातले आणि चार दिवसांत जुने ठरणारे कपडे एका झटक्यात काढून टाकायचे आणि त्यांच्या जागी नवेकोरे पर्यावरणपूरक कपडे आणायचे, हा तुझा बेत वाचून आधी हसू आलं आणि मग काळजी वाटली. जरा थांब. ती गाठोडी एवढ्यात बांधू नकोस.

कपड्यापायी जे नुकसान व्हायचं, त्यातलं बरंचसं तो आपल्या हातात येण्याआधीच होऊन गेलेलं असतं. एका सुती टी-शर्टामागे साधारण २७०० लिटर पाणी खर्ची पडतं, आणि त्यातलं बहुतेक कापूस पिकवण्यात जातं. मध्य आशियातला अरल समुद्र आटला तो याच पिकापायी. १९६०च्या दशकापासून अमू दर्या आणि सीर दर्या या नद्यांचं पाणी कालव्यांनी शेतांकडे वळवलं गेलं आणि मच्छीमारांच्या बोटी वाळूत रुतून राहिल्या. पॉलिस्टरला पाणी कमी लागतं, पण ते येतं खनिज तेलातून. आणि आज जगात तयार होणाऱ्या एकूण धाग्यातला निम्म्याहून जास्त धागा पॉलिस्टरचाच असतो. तुझ्या कपाटातल्या कपड्यांचं पाणी, तेल, रंग, कुणाची तरी मेहनत, सगळं केव्हाच खर्च झालंय. टाकून दिलेस तर त्यातलं काहीच परत यायचं नाही.

'टाकणार नाही, दान करणार आहे' असं म्हणशील. त्यानं मनाला बरं वाटतं, एवढंच. दान पेट्यांतले बरेच कपडे गठ्ठ्यांनी दुसऱ्या देशांत विकले जातात. घानाची राजधानी अक्रा इथल्या कांतामांतो बाजारात व्यापारी बंद गठ्ठा विकत घेतात, बऱ्याचदा कर्ज काढून, आणि आत काय आहे ते फोडल्यावरच कळतं. डागाळलेला, विरलेला, आकार गेलेला माल निघाला की तोटा त्यांच्या माथी, आणि कचरा गटारांतून समुद्रकिनाऱ्यावर. चिलीच्या अटाकामा वाळवंटात तर कपड्यांचे ढीगच आहेत. त्यांतल्या काहींवरची किमतीची चिठ्ठीसुद्धा निघालेली नाही!

राहिला पुनर्वापर. जुन्या कपड्यापासून पुन्हा नवा कपडा होण्याचं प्रमाण एक टक्क्याहूनही कमी आहे. सूत, पॉलिस्टर आणि ताणणारा इलास्टेन एकाच कापडात मिसळले की ते वेगळे करणं महाकठीण. निव्वळ सुती कापड पिंजलं तरी तंतू आखूड होतात आणि धागा कमजोर पडतो. 'पुनर्वापरित पॉलिस्टर' हे बहुतेक वेळा प्लास्टिकच्या बाटल्यांचं असतं, जुन्या कपड्यांचं नव्हे. बाटलीची पुन्हा बाटली होऊ शकते; शर्ट झाला की पुढचा रस्ता बहुधा कचऱ्याचाच. म्हणून लेबलावरच्या हिरव्या पानावर माझा फारसा भरवसा नाही.

मला विचारशील तर खरा आजार घाईचा आहे. २००० ते २०१५ या काळात जगातलं कपड्यांचं उत्पादन जवळजवळ दुप्पट झालं आणि एक कपडा किती वेळा अंगावर चढतो, ते प्रमाण मात्र तिसऱ्या हिश्श्याहून जास्त घसरलं. या घाईची किंमत कोण मोजतं ते २४ एप्रिल २०१३ रोजी ढाक्याजवळ दिसलं. तिथल्या राणा प्लाझा या बहुमजली इमारतीच्या भिंतींना आदल्या दिवशीच तडे गेले होते. खालची बँक आणि दुकानं बंद ठेवली गेली, पण वरच्या कारखान्यांतल्या शिलाई कामगारांना कामावर बोलावलं. इमारत कोसळली आणि ११३४ माणसं गेली. त्यानंतर इमारतींच्या सुरक्षेचा बंधनकारक करार झाला आणि त्यानं बांगलादेशात फरकही पडला, हेही सांगायला हवं. पण माल स्वस्तात आणि तातडीनं हवा, हा तगादा काही सुटला नाही.

हीच घाई कपड्यावरही वाचता येते. कुठलाही टी-शर्ट उलटा कर. बाजूची शिवण धुतल्यावर सरकून पोटावर आली असेल, तर धाग्याच्या पिळाचा ताण जिरू न देताच कापड कापलं असं समज. शिवणीचे दोन्ही भाग हलकेच ओढ. मधून उजेड दिसला, टाके शिडीसारखे उघडे पडले, तर ती शिवण लवकरच उसवणार. शिवणीच्या आत माया, म्हणजे जास्तीचं कापड, किती सोडलीय ते बघ. काठोकाठ कापलेला कपडा सैल करता येत नाही. काजांचे दोरे निघालेत का, बटण एकाच दोऱ्यावर लोंबकळतंय का, तेही बघ. पुढे कधी खरेदी करायचीच झाली तर दुकानात हेच कर, आधी आतली बाजू आणि मग आरसा. शक्यतो एकाच धाग्याचं कापड घे, आणि कुणी वापरलेलं मिळालं तर उत्तमच.

आहे ते टिकवण्यात मात्र खूप काही आहे. ब्रिटनमधल्या 'रॅप' या संस्थेचा हिशेब आहे की कपडा नऊ महिने जास्त वापरला, तर कर्ब, पाणी आणि कचरा या तिन्हींचा भार २० ते ३० टक्क्यांनी कमी होतो. एकदा घातला की टाक धुवायला, ही सवय मोड. डाग पडलाय तेवढाच भाग धू, बाकी वाऱ्यावर टाक. पॉलिस्टर तर शक्य तितकं कमी आणि थंड पाण्यात धू; दर धुण्याला त्याचे डोळ्यांना न दिसणारे तंतू पाण्यात उतरतात.

तुझ्या त्या मांडीशी विरलेल्या जीन्सचं सांगते. भोक पडायची वाट बघू नकोस. आतून जुन्या डेनिमचा तुकडा लाव, विरलेल्या भागापेक्षा चारी बाजूंनी दोन बोटं मोठा. त्याची कड दुमडू नकोस, नाहीतर चालताना टोचेल. मग वरून, कापडाच्याच रंगाच्या दोऱ्यानं, आधी उभा आणि नंतर आडवा बारीक धावदोरा घाल. दोरा ओढून घट्ट करू नकोस, कापड चुण्या धरतं. जमलं नाही तर जीन्स माझ्याकडे पाठवून दे, मी करून देईन. आणि त्या सबंध गाठोड्यात खरंच अंगाला होत नाही असं काय काय आहे, ते मला उलट टपाली कळव.

तुझी,
नीला