दोन राउटर आणि मधली वायर

प्रिय सुहास,
सप्रेम नमस्कार.

वर तुझं इंटरनेट, खाली दादाचं वेगळं, आणि मधे वायर टाकून दोन्हीकडचे कॉम्प्युटर जोडायचे, हा बेत वाचला. वायर जरूर टाक, पण ती एका राउटरच्या लॅन (म्हणजे घरातल्या नेटवर्काच्या) पोर्टातून थेट दुसऱ्याच्या लॅन पोर्टात खोचू नकोस. डीएचसीपी, म्हणजे कॉम्प्युटरांना आपोआप पत्ते वाटायची सोय, दोन्हीकडे चालू असते. लॅपटॉपनं पत्ता मागितला की जो राउटर आधी उत्तर देईल, त्याचं इंटरनेट तो वापरणार. मग तुझे सिनेमे दादाच्या डेटावर उतरतील आणि बोलणी तू खाशील! शिवाय दोन्ही राउटरांचा पत्ता १९२.१६८.१.१ असेल तर गोंधळात भरच.

तेव्हा आधी खालचं नेटवर्क १९२.१६८.२.० करून घे. मग मधे तिसरा राउटर बसव, पण त्यातलं नॅट (आतले पत्ते राउटरच्या एकाच पत्त्याआड लपवणं) बंद करता येतं ना, ते घेण्याआधी बघ. त्याचं एक टोक तुझ्याकडे १९२.१६८.१.२५४ वर, दुसरं दादाकडे १९२.१६८.२.२५४ वर. आता तुझ्या राउटरला स्टॅटिक रूट, म्हणजे हातानं घातलेली ठरावीक वाट, दे: १९२.१६८.२.० कडे जायचं असेल तर १९२.१६८.१.२५४ कडे पाठव. दादाच्या राउटरला ह्याच्या उलट. ही उलटी नोंद हमखास राहते. मग निरोप पोचतो, उत्तर मात्र येत नाही, आणि माणूस वायरच बदलत बसतो. कंपनीनं दिलेल्या राउटरात ही सोयच नसली, तर प्रत्येक कॉम्प्युटरवर तोच रूट हातानं घालावा लागेल. कंटाळवाणं आहे, पण चालतं.

एवढं करूनही दादाचा कॉम्प्युटर तुझ्या विंडोजच्या यादीत दिसणार नाही. ती शोधाशोध आपल्याच नेटवर्कापुरती असते. सरळ आयपी पत्ता टाकून उघड. पिंगही (पलीकडचा कॉम्प्युटर उत्तर देतो का हे बघणारा छोटा निरोप) लागलं नाही तर दादाच्या कॉम्प्युटरच्या फायरवॉलमध्ये (बाहेरून येणारं अडवणारा पहारा) १९२.१६८.१.० ला परवानगी दे. प्रिंटरही आयपीनंच जोड.

दोन्ही इंटरनेटचा वेग मिळून दुप्पट होईल का, असं विचारलंयस. ह्या जोडणीनं नाही. ज्याचं त्याचं इंटरनेट ज्याच्या त्याच्याकडेच राहील, आणि मला तर तेच बरं वाटतं.

दादा उद्या दुसरीकडे राहायला गेला तर वायरऐवजी वायरगार्ड (इंटरनेटवरूनच दोन घरं सुरक्षित जोडणारं सॉफ्टवेअर) लावू. त्याला निदान एका घरी पब्लिक आयपी, म्हणजे बाहेरून थेट गाठता येणारा पत्ता, लागतो. राउटरच्या वॅन (इंटरनेटकडच्या बाजूच्या) पानावर १००.६४ ते १००.१२७ मधला पत्ता दिसला तर तो पब्लिक नव्हे. आत्ताच बघून ठेव आणि मला कळव.

दादाला नमस्कार.

तुझा,
मंदार