रझांचा सूर्य कापू नका

संपादक महोदय,

कालच्या रविवार पुरवणीतला सय्यद हैदर रझांवरचा लेख वाचला. चित्रकाराला अख्खं पान दिलंत याबद्दल मनापासून आभार. पण लेख वाचून रात्री नीट झोप लागली नाही, म्हणून सकाळचा चहा बाजूला ठेवून हे पत्र लिहायला बसलो आहे.

त्या पानभर लेखात रझांच्या निसर्गचित्रांना एकच वाक्य मिळालं आहे: ‘सुरुवातीच्या काळात त्यांनी काही निसर्गचित्रेही काढली.’ काही? चाळीसच्या दशकात मुंबईच्या पावसात भिजलेला फ्लोरा फाउंटन त्यांनी रंगवला, तिथपासून सत्तरच्या दशकातल्या ‘तपोवन’ आणि ‘ला तेर’पर्यंत हा माणूस जमीन, झाडं, घरं आणि आभाळच रंगवत होता. जवळपास तीस वर्षं. त्यांचा जन्म 1922 चा. बिंदू, म्हणजे ज्यावरून रझा ओळखले जातात तो काळा गोल, त्यांच्या चित्राच्या मधोमध येऊन बसला तेव्हा पन्नाशी उलटून गेली होती. पॅरिसमध्ये 1956 साली समीक्षकांचा पुरस्कार, प्री द ला क्रितिक, मिळाला. फ्रेंच नसलेल्या चित्रकाराला तो पहिल्यांदाच मिळत होता. तोही त्या काळातल्या कामाला मिळाला, बिंदूला नव्हे.

आणि त्या एका वाक्याशेजारी तुम्ही जे चित्र छापलंत, ते 1951 चं ‘ओ द कान्य’. तिकिटाएवढं, आणि वरून कापलेलं! दक्षिण फ्रान्समधल्या गावाची एकमेकांना खेटून उभी घरं आहेत, माणूस एकही नाही, आणि त्या घरांवर काळा सूर्य आहे. तुमच्या पानावर घरं आली, सूर्य कापला गेला.

हे मला इतकं का लागलं ते सांगतो. मी एकतीस वर्षं चित्रकला शिकवली, बरीचशी रामटेकजवळच्या एका शाळेत. निवृत्तीच्या तीन वर्षं आधीची गोष्ट. एका आंतरशालेय स्पर्धेत ‘रझांच्या शैलीत चित्र’ असा विषय होता. मी नववीतल्या एका मुलीला जुन्या मासिकातलं ‘ओ द कान्य’चं कात्रण दाखवलं. तिने ते बराच वेळ पाहिलं आणि विचारलं, ‘सर, या गावातली माणसं कुठे गेली?’ मी तिला जेवढं ठाऊक होतं तेवढं सांगितलं. फाळणीच्या सुमारास एका वर्षाच्या अंतराने रझांचे आई-वडील वारले, भावंडं पाकिस्तानात गेली, हा एकटा इथे राहिला आणि 1950 मध्ये फ्रेंच सरकारच्या शिष्यवृत्तीवर बोटीने निघाला. त्यानंतर तिने आपल्या गावची कौलारू घरं काढली, पोस्टर कलरमध्ये, दारं सगळी बंद. वर काळा गोल.

परीक्षकांनी तिचं चित्र बाजूला काढलं. मी विचारायला गेलो तर म्हणाले, ‘यात बिंदू कुठे आहे?’ मी त्या काळ्या गोलावर बोट ठेवलं. ते म्हणाले, ‘हा सूर्य आहे. रझा म्हणजे बिंदू.’ बक्षीस मिळालेली तिन्ही चित्रं कर्कटकाने काढलेली वर्तुळं होती. त्या मुलांचा दोष नाही, त्यांना तेवढंच शिकवलं होतं. माझी विद्यार्थिनी परतीच्या एसटीत काही बोलली नाही. पुढे तिने इंटरमिजिएट या चित्रकलेच्या परीक्षेचा फॉर्म भरला नाही. मी खूप समजावलं.

काल तुमच्या पानावर सूर्य कापलेला पाहिला आणि ती एसटी आठवली.

त्या परीक्षकांना जे दिसलं नाही ते तुमच्या लेखकाला तरी दिसायला हवं होतं. माझ्या मते बिंदू त्या गावावरच्या काळ्या सूर्यातच आहे. तो त्याही आधी, आज मध्य प्रदेशात असलेल्या मंडल्याच्या जंगलातल्या रात्रीत आहे. रझांचे वडील वनखात्यात, त्यामुळे लहानपण साग-सालाच्या अंधारात गेलं. शाळेत लक्ष लागेना तेव्हा गुरुजींनी भिंतीवर एक ठिपका काढून त्याकडे पाहत बसायला लावलं, ही गोष्ट तुम्ही दिली आहे. पण ठिपक्याभोवतीचं जंगल तुम्ही गाळलं. लिलावाची रक्कम मात्र चौकटीत आहे! ‘सौराष्ट्र’ 2010 मध्ये लंडनला साडेसोळा कोटींच्या आसपास गेलं, खरं आहे. पण त्या चित्राला एका मुलखाचं नाव का, एवढा एक प्रश्न लेखात हवा होता.

लेखातल्या ‘फ्रान्सने घडवलेला चित्रकार’ या शब्दांनाही माझी हरकत आहे. 1939 ते 43 या काळात रझा आमच्या नागपूरच्या कलाशाळेत होते. मंडला तेव्हा मध्यप्रांत-वऱ्हाडात होतं आणि राजधानी नागपूर होती, म्हणजे मंडल्याचा मुलगा शिकायला नागपूरला येणं यात नवल नव्हतं. पुढे मुंबईत छपाईचे ठसे बनवणाऱ्या एका ब्लॉक स्टुडिओत नोकरी करत जे. जे. कलाशाळेतलं शिक्षण पूर्ण केलं. फ्रान्सने दिलं ते मोठंच आहे. चित्राची बांधणी हवी तर फ्रेंच चित्रकार सेझान पाहा, असं छायाचित्रकार कार्तिए-ब्रेसाँनी त्यांना काश्मीरमध्ये सांगितलं होतं, आणि सेझान पाहायला पॅरिसलाच जावं लागलं. तिथे ते साठ वर्षं राहिले, लग्न केलं, गोर्बियो नावाच्या डोंगरातल्या गावात घर केलं. तरी भारतीय नागरिकत्व सोडलं नाही. 2010 अखेर परतले आणि 2016 मध्ये मंडल्याला वडिलांच्या कबरीशेजारी त्यांना दफन केलं. आपल्याच मातीकडे साठ वर्षं लांबून पाहत राहिलेल्या माणसाच्या लेखात माती एका वाक्यापुरती यावी, हे मला पटत नाही.

जाता जाता आणखी एक. पुरवणीत पूर्वी मुलांच्या चित्रांसाठी अर्धं पान असायचं. दोन वर्षांपासून ते बंद आहे. शाळांमध्ये चित्रकलेचा तास गणिताला दिला जातो, निवृत्त कलाशिक्षकांच्या जागा रिकाम्या राहतात, आणि तुमच्याकडचं ते अर्धं पानही गेलं. माझ्या वर्गातल्या मुलांची चित्रं त्यात सहा वेळा छापून आली होती. ती कात्रणं त्यांच्या घरच्या भिंतींवर मी स्वतः पाहिली आहेत.

पुढच्या रविवारी ‘ओ द कान्य’ पूर्ण आणि रंगीत छापावं, ही विनंती. मला पाच अंक जास्तीचे हवे आहेत, पैसे मनीऑर्डरने पाठवतो. एक त्या मुलीला द्यायचा आहे. ती आता मौद्याला असते.

आपला नियमित वाचक,
एक निवृत्त कलाशिक्षक, नागपूर