‘मी माणूस आहे’ म्हणणाऱ्यांचे किंग

संपादक महोदय,

अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांच्या समान हक्कांसाठी लढलेले मार्टिन ल्यूथर किंग यांच्याविषयी आपल्याकडे जे लिहिले-बोलले जाते, ते बहुधा १९६३ च्या वॉशिंग्टनमधील ‘माझे एक स्वप्न आहे’ या भाषणापाशी येऊन थांबते. आम्हा खेड्यातल्या लोकांना त्यांची त्यानंतरची वर्षे अधिक जवळची आहेत, म्हणून हे पत्र.

अमेरिकेत वर्णभेदाला मनाई करणारा नागरी हक्कांचा कायदा १९६४ मध्ये आणि मतदानाच्या हक्काचा १९६५ मध्ये झाला. किंग तेवढ्यावर थांबले नाहीत; पुरेशी मजुरी, राहायला घर आणि युद्धापासून सुटका हेही प्रत्येक माणसाचे हक्क आहेत, असे ते सांगू लागले. ४ एप्रिल १९६७ रोजी न्यूयॉर्कमध्ये त्यांनी व्हिएतनाम युद्धाला जाहीर विरोध केला, तेव्हा मोठ्या वृत्तपत्रांनी त्यांना अग्रलेखांतून सुनावले आणि चळवळीतले काही सोबतीही दुरावले. पुढे त्यांनी कृष्णवर्णीयांबरोबर गोऱ्या, आदिवासी आणि मेक्सिकन वंशाच्या गरिबांनाही एका मोहिमेत आणायला घेतले.

१ फेब्रुवारी १९६८ रोजी मेम्फिस शहरात पावसाच्या आडोशाला कचरागाडीत बसलेले दोन सफाई कामगार तिच्या यंत्रात चिरडून मेले. त्यानंतर सुमारे १३०० कामगार संपावर गेले. ‘मी माणूस आहे’ एवढेच त्यांच्या फलकांवर लिहिलेले असे. किंग त्यांच्या सभेला गेले आणि त्यांनी विचारले की, गोऱ्यांच्या शेजारी बसून खाण्याची मुभा मिळाली, पण खाण्यापुरते पैसेच मिळत नसतील, तर त्या मुभेचा उपयोग काय? त्याच शहरात ४ एप्रिल १९६८ रोजी त्यांची हत्या झाली. ते अवघे ३९ वर्षांचे होते.

यवतमाळ जिल्ह्यातल्या माझ्या गावी गेल्या आषाढात मी एका सफाई कामगाराला भर पावसात नाली उपसताना पाहिले. डोक्यावर खताच्या रिकाम्या पोत्याची खोळ, पाय अनवाणी, हातात फक्त फावडे. चौकातल्या हॉटेलात त्याच्या वडिलांसाठी वेगळी कपबशी ठेवलेली असे. त्याला आज तसे कोणी वागवत नाही, ही बाबासाहेबांची पुण्याई. पण त्या दिवशी त्याने चहा घेतला नाही, कारण तीन महिन्यांची मजुरी थकली होती आणि मागची उधारी बाकी होती.

आपल्या वार्ताहरांनी तालुक्या-तालुक्यांत जाऊन, नाली उपसणाऱ्यांना गमबूट आणि हातमोजे मिळतात का, मजुरी दर महिन्याला हाती पडते का, एवढे विचारावे आणि मिळालेले उत्तर गावाच्या नावासह छापावे, ही विनंती.

आपला,
एक वाचक, जि. यवतमाळ